पितृपक्षातली सुपारी

"मॅच हरलो असू," अण्णा म्हणाले, "नंबर न्हाई हरलो."

ते तालमीच्या दारातल्या फळ्यापुढे खडू घेऊन उभे होते आणि मी समोरच्या आमच्या घराच्या खिडकीत. सोमवारची संध्याकाळ होती. आदल्याच दिवशी आमच्या निशाण तालमीला नवभारत कॉलेजच्या पोरांनी दोन-शून्यनं हरवलं होतं. आता कॉलेजचं नाव फळ्यावर लिहायचं की नाही, आणि लिहायचं तर कुठं, यावर तिघंजण दिवस मावळल्यापासून भांडत होते.

कोल्हापुरात पेठेगणिक तालीम असते आणि तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. कुस्तीची माती केव्हाच धूळ खात पडली, पण खुमखुमी गेली नाही, ती चेंडूत शिरली. आमच्या तालमीच्या फळ्यावर दर सोमवारी शहरातल्या सगळ्या संघांचा क्रम लिहिला जाई. एक नंबर कोण, दोन नंबर कोण, तळाला कोण. हा क्रम गुणांवरून किंवा सामन्यांवरून ठरत नसे, तो कट्ट्यावर ठरे. तो वाचायला दुसऱ्या पेठांतली माणसं सायकली मारत येत, वाचून शिव्या देत आणि परत जात. पुढच्या सोमवारी पुन्हा येत.

कट्टा म्हणजे ही तीन माणसं. माझे वडील शामराव मांगोरे, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची, ते महापालिकेच्या पाणीखात्यात होते. तरुणपणी एक वर्ष ते निशाणचे राखीव खेळाडू होते आणि त्या वर्षी त्यांचा शर्ट धुवावा लागला नाही, असं आत्या सांगायची. दुसरे पिराजी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. चेंडू प्रेक्षकांत आला की ते छत्री उघडत. तिसरा लालासाब शिकलगार, सायकल दुरुस्तीवाला. अण्णा जे म्हणतील त्याच्या उलट म्हणणं एवढंच त्याचं फुटबॉलचं ज्ञान. या तिघांपैकी कोणी कराडच्या पुढं गेलेलं नव्हतं, पण कलकत्त्याच्या आणि गोव्याच्या पगारी संघांचाही क्रम ते लावायचे. एकदा त्यांनी ब्राझीलला तिसऱ्या नंबरावर उतरवलं होतं. ब्राझीलला त्याचं फारसं दुःख झालं नसावं.

"हरलो म्हंजे हरलो," लालासाब म्हणाला. "कॉलेजला एक नंबर द्या."

मास्तरांनी त्याची कीव केली. त्यांचं म्हणणं असं, की कॉलेज ही टीमच नव्हे, तो एस.टी. स्टँड आहे. पोरं येतात, तीन वर्षं बसतात आणि आपापल्या गावाला जातात. ज्या संघाला पेठ नाही, देव नाही, वर्गणी नाही, ज्याच्यासाठी कोणी कोणाचं डोकं फोडलेलं नाही, त्याला नंबर कसला द्यायचा. अण्णांना हे पटलं. त्यांनी वर एक नंबरला निशाण लिहिलं, दोनला चिंचबाग, मग बाकीच्या तालमी, आणि तळाशी एक आडवी रेघ मारून तिच्याखाली लिहिलं: पाहुणे, नवभारत कॉलेज. तिघंही मागं सरून ते बघू लागले. एवढा मोठा प्रश्न सोडवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

मी खिडकी लावून घेतली. आदल्या दिवशीचे दोन्ही गोल जयसिंग घुगरेनं केले होते आणि त्या जयसिंग घुगरेशी मला लग्न करायचं होतं.

तो गडहिंग्लजचा, कॉलेजच्या होस्टेलवर राहायचा. अर्थशास्त्राच्या तासाला माझ्या मागच्या बाकावर झोपायचा. एकदा सरांनी त्याला उठवून काही विचारलं, मी हळूच उत्तर सांगितलं, आणि तिथून आमचं बोलणं सुरू झालं. गावाहून येताना तो माझ्यासाठी लाल मिरची आणायचा. लोक गजरा देतात, हा कागदात बांधलेली मिरची द्यायचा, आणि मी ती मैत्रिणीच्या आईनं दिली म्हणून घरात कांडायला द्यायची. दिसायला बरा होता. खेळताना तर फारच बरा दिसायचा, हे मी तेव्हाही कोणाजवळ बोलले नाही. पण मला आवडला तो त्याच्या गप्प राहण्यामुळं. आमच्या पेठेतला प्रत्येक पुरुष सकाळी तोंड धुण्याआधी कुठल्या तरी संघाचा नंबर लावायचा. हा कधी एका शब्दानं त्यात पडला नाही. गप्प बसलेला माणूस विचार करत असतो, अशी त्या वयात माझी समजूत होती.

या सगळ्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. माझे यजमान सांगलीचे, त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. लग्न ठरवताना मी तेवढं मुद्दाम विचारून घेतलं होतं.

तर मी आईला सांगितलं आणि आईनं अण्णांना. मी माजघरात कान देऊन बसले होते. पोरगं आपल्यातलंच आहे, घरची बागायत आहे, वडील नाहीत पण मामा कर्ता आहे, मिरचीचा अडत्या आहे, असं सगळं आईनं नीट मांडलं. अण्णांनी जात विचारली नाही, जमीन विचारली नाही, नोकरीचं काय तेही विचारलं नाही.

"खेळतो कुठनं?"

"कॉलेजकडनं," आई म्हणाली.

"मग न्हाई. उद्या कुणी इचारलं, जावई कुठल्या टीमचा, तर काय सांगू? रेघंच्या खालचा?"

आईनं बाहेर येऊन मला एवढंच सांगितलं, की तुझा बाप असाच आहे. तिला बघायला आले तेव्हाही त्यांनी तिच्या भावाला एकच प्रश्न विचारला होता, तुमचं घर कुणाच्या मागं. भाऊ म्हणाला, आम्ही कुणाच्याच मागं नाही. तेवढ्यावर लग्न जमलं, कारण अण्णांना वाटलं, ही बायको निदान वाद घालायची नाही. आईनं वाद घातला नाही हे खरं. ती नुसती बघायची, आणि तिचं बघणं वाद घालण्यापेक्षा वाईट होतं.

पावसाळा गेला, गणपती गेले. मी जेवण कमी केलं, बोलणं कमी केलं, अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. जयसिंगला मी म्हटलं, तू येऊन एकदा अण्णांना भेट. तो म्हणाला, बघू की. मी त्याला तिसऱ्यांदा तेच म्हटलं तेव्हा पितृपक्ष लागायला आला होता.

आणि पितृपक्षातच एका संध्याकाळी अण्णा घरात येऊन पायातल्या वहाणा काढता काढता म्हणाले, "घुगऱ्यांच्या मामाला निरोप धाडलाय. गुरवारी सुपारी फोडू."

आईचा हात परातीत थांबला. पितृपक्षात माणसं साधा झाडू विकत घेत नाहीत. खुद्द अण्णांच्या वहाणेचा अंगठा एकदा या पंधरवड्यात तुटला होता, तर नवरात्र बसेपर्यंत ते अनवाणी कामावर गेले होते. त्या माणसानं मुलीचं लग्न ठरवायला हा पंधरवडा धरला होता.

"पक्षात?" आई म्हणाली.

"पितरं काय म्हणत न्हाईत."

"लोक म्हणतील की."

"लोकांना मी बघतो. पोरीच्या मनात हाय न्हवं? मग झालं तर."

मी गच्चीवर गेले आणि पोटभर रडले. इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं. मला वाटलं, आपण या माणसाला ओळखलंच नाही. माझ्यासाठी तो पितरांना बाजूला सारायला निघाला, पेठेची बोलणी खायला तयार झाला. त्याचे सगळे सोमवार मी त्याला माफ करून टाकले. चिंच लावून पितळी ताट घासलं. त्यांना अडकित्त्यानं सुपारी कातरून दिली, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

मी कट्ट्यावरून जायला लागले की त्या दिवसांत सगळे एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं, मुलगी लग्नाची झाली म्हणून मान देतात. एकदा मास्तरांनी मला थांबवलं आणि गंभीर तोंडानं विचारलं, "पोराचा उजवा पाय कसा हाय गं?"

मला वाटलं, कोणी तरी त्यांना मुलगा लंगडतो असं सांगितलंय. मी म्हटलं, "दोन्ही पाय चांगले आहेत, मास्तर." मास्तरांनी मान डोलावली आणि अण्णांकडे बघितलं. अण्णांनीही मान डोलावली.

गुरुवारी जयसिंग आणि त्याचा मामा आले. मामा टोपीवाला, जाडजूड, घाम पुसत बसणारा. आमच्याकडून खरं तर आत्याचे यजमान, चुलते, चार भाऊबंद असायला हवे होते. पण पितृपक्षात सुपारी म्हटल्यावर ते आलेच नसते, म्हणून अण्णांनी त्यांना कळवलंच नव्हतं. आमच्याकडून होते मास्तर आणि लालासाब. सोप्यात सतरंजीवर मधोमध ताट, ताटात नारळ, विडे आणि सुपारी. मी आणि आई स्वयंपाकघरात, मध्ये दाराचा पडदा. मी नवी चोळी घातली होती.

चहा झाला. मामानं यंदा मिरचीला भाव कसा नाही ते सांगितलं. त्यानंतर कोणी तरी माझ्याबद्दल विचारेल म्हणून मी थांबले होते. मुलगी शिकलीय किती, स्वयंपाक येतो का, पुढं काय करायचा विचार आहे. आपल्याला अशा चौकशीची चीड असते, पण त्या दिवशी मी तिची वाट बघत होते.

मास्तर म्हणाले, "तर नोंदणी शनवारी सांजला बंद व्हनार."

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूला वर्षभर कुठल्या संघाकडून खेळणार त्याची नोंदणी करावी लागते. त्या दिवसांत आमच्या शहरात खेळाडूंची पळवापळवी चालते. चांगल्या पोराला तालीम उचलून कोणाच्या तरी मळ्यावर नेऊन ठेवते, मटण घालते आणि नोंदणी झाली की सोडते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या सुपारीत ते कशाला निघालं, हे मला क्षणभर उमगलं नाही. मी आईकडे बघितलं. आईला उमगलं होतं.

पलीकडे मामानं घसा साफ केला. तो म्हणाला, चिंचबाग तालमीची माणसं दोनदा घरी येऊन गेली, त्यांनी पोराला नवी मोटारसायकल कबूल केलीय. पोराचं कॉलेज आता संपलं, तेव्हा कुठल्या ना कुठल्या तालमीकडून तो खेळणारच. आम्हाला काय, दोन्ही तालमी सारख्याच.

सारख्याच म्हटल्यावर अण्णांचा आवाज चढला. निशाण आणि चिंचबाग सारख्या कशा, असं म्हणून त्यांनी मागच्या पंधरा-वीस वर्षांचा हिशेब काढला. मग त्यांना आपण कशासाठी बसलोय ते आठवलं असावं. आवाज खाली आणून, मोठ्या मनाच्या माणसासारखे ते म्हणाले, "चिंचबाग मोटारसायकल देतीया. आमी पोरगी देतोय. आता मामा, तुमीच नंबर लावा."

कोणी तरी हसलं. मामाही हसला आणि म्हणाला, पोरगी एक नंबर, त्यात काय बोलायचं. मग सगळेच हसले.

माझे कान तापले. लाज वाटली, आणि ती अण्णांची नाही, माझी स्वतःची. ताट घासल्याची, गच्चीवर जाऊन रडल्याची, डोक्यावरून फिरलेला हात खरा मानल्याची लाज. पण मी अजून पडदा धरून उभी होते, कारण जयसिंग अजून बोलला नव्हता. तो बोलेल, असं मला वाटत होतं. माझी आणि मोटारसायकलची अशी तुलना करू नका, एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. तेवढ्यावर मी या सगळ्या बाजारासकट लग्न केलं असतं.

"माझी एक अट हाय," जयसिंग म्हणाला.

मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"दहा नंबरचा शर्ट पायजे."

निशाणचा दहा नंबरचा शर्ट लालासाबच्या पुतण्याकडे होता. लालासाब म्हणाला, शर्ट मिळणार नाही. मास्तर म्हणाले, तालमीपेक्षा पुतण्या मोठा नव्हे. लालासाब म्हणाला, पुतण्यानं चिंचबागेविरुद्ध हात मोडून घेतलाय. मग निशाणमध्ये आजवर दहा नंबर कोणी कोणी घातला आणि त्यांच्यात एक नंबर कोण, ही चर्चा सुरू झाली. मेलेली माणसं निघाली. त्यांतल्या एकाची मुलगी चिंचबागेत दिली होती म्हणून त्याला खाली ढकलायचं की नाही, यावर अण्णा आणि लालासाब हमरीतुमरीवर आले. चहा पुन्हा मागवला गेला. आईनं आधण ठेवलं नाही.

आणि जयसिंग बोलत होता. दोन वर्षांत माझ्याशी जेवढं बोलला नव्हता तेवढं तो त्या सतरंजीवर बोलला. त्याचं म्हणणं होतं की मागच्या हंगामात खरा एक नंबर कॉलेजच होतं, निशाण दोन, आणि चिंचबागेला फळ्यावर दुसरं स्थान देणं ही अण्णांची चूक होती. बचाव कोणाचा दुबळा, गोलकीपर कोणाचा म्हातारा, सगळं त्याला पाठ होतं. स्वतःला तो शहरात दुसरा धरत होता, पहिला का नाही याचीही कारणं देत होता. अण्णा त्याला मध्ये तोडत नव्हते. माझ्या बापानं मन लावून दुसऱ्याचं ऐकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. जावई शोभत होता.

गप्प माणूस विचार करत असतो, हे बरोबर होतं. कसला, ते मी विचारलं नव्हतं.

आईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सुपारी अजून ताटातच हाय. तुजं तू बघ."

मी पडदा सारून बाहेर गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी ताटापाशी जाऊन उभी राहीपर्यंत कोणाचं लक्षही गेलं नाही, मग सगळ्यांचं एकदम गेलं.

"जयसिंग," मी म्हटलं. वडीलधाऱ्यांसमोर मी त्याचं नाव घेतल्यावर मास्तर खोकले. "दहा नंबर नाही मिळाला तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो खरोखर विचारात पडला. मामाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आढ्याकडे बघितलं. मी त्याला वेळ दिला. त्या वेळात त्यानं दुसरं काहीही म्हटलं असतं तरी मी कदाचित ऐकलं असतं.

"तसा अकरापण चालंल," तो म्हणाला. "पण आधी दहाचं बोलणं हुदे की."

मी खाली वाकून ताटातली सुपारी उचलली.

"अण्णा," मी म्हटलं, "ह्याला घ्या. दहा द्या न्हाईतर अकरा द्या. मला त्यात धरू नका. ही सुपारी फुटणार न्हाई."

"आत जा," अण्णा म्हणाले.

मी आत गेले. आईनं माझ्यामागं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मी जमिनीवर बसले. सुपारी मुठीत होती. मला वाटलं होतं, आता बाहेर आभाळ कोसळेल. अण्णा ओरडतील, मामा टोपी सावरत उठेल, जयसिंग निदान दारापर्यंत येईल. खरं सांगायचं तर मी त्या कडीकडेच बघत बसले होते.

मग मास्तर म्हणाले, "मग नोंदणीचं काय करायचं?"

मामा म्हणाला, पोरगी तर गेली, निदान शर्ट तरी द्या. अण्णा म्हणाले, दहाच देऊ, शब्द दिला. पुतण्याचा शर्ट सोडून आयुष्यात पहिल्यांदा लालासाब अण्णांच्या बाजूनं बोलला. जयसिंगचा आवाज आला, "मग मी तयार हाय." आणि माझ्यावाचून त्यांचं सगळं जमलं, मला मध्ये धरून जमत नव्हतं ते. नारळ मात्र त्यांनी तिथंच फोडला, ओटी भरायचा नारळ. निशाणच्या नावानं फोडला आणि खोबरं वाटलं.

मी रडले. गच्चीवर नाही, तिथंच चुलीपुढं, आणि सुखानं तर नाहीच. आईनं मला रडू दिलं. मला तो अजून हवा होता, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. शनिवारी जयसिंगची नोंदणी झाली. रविवारी सकाळी अण्णा माझ्यासमोर बसून भाकरी खाताना म्हणाले, "पक्षात केलं म्हणून मोडलं. तुजी आई सांगत हुती, मी ऐकलं न्हाई." या सगळ्यातून त्यांना एवढाच बोध झाला.

हंगाम सुरू झाला. निशाणनं सामन्यामागून सामने जिंकले आणि फळ्यावर एक नंबर लिहिताना अण्णांना आता भांडावंही लागेना, त्यामुळं ते थोडे उदास झाले. माझंही कॉलेज संपलं होतं, मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला. मैदानाकडे गेले नाही, अंतिम सामन्याचा दिवस सोडून. त्या दिवशी माझी मैत्रीण शालन मला तिच्या गच्चीवर घेऊन गेली, तिथून मैदान दिसायचं. नाही नाही म्हणत मी गेले.

समोर चिंचबाग होती. एक-एक बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. जयसिंगकडे चेंडू आला तेव्हा तो मैदानाच्या कडेला होता, गोलाकडे पाठ करून. त्यानं चेंडू थांबवलाच नाही, वळता वळता एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या पायांतून काढला, आणि अशा कोनातून मारला की तिथून मारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. गोलकीपर हललासुद्धा नाही. सगळं मैदान उठलं, गच्ची उठली. मीही उठले, आणि ओरडले. तसा गोल मी त्याआधी बघितला नव्हता, नंतरही बघितला नाही. यजमान टीव्हीवर दुसरं काही लावतात.

संध्याकाळी पेठेत मिरवणूक आली. हलगी, घुमकं, गुलाल. आमच्याकडे जिंकून आलेल्या खेळाडूंना तालमीच्या दारात पेठेतल्या बायका ओवाळतात. अण्णा घरात आले, गुलालानं लाल झालेले, डोळ्यांत पाणी. मांगोऱ्यांच्या घरातनं ताट गेलं पाहिजे, म्हणाले. आईला गुडघ्यामुळं उभं राहवत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ताट घेतलं आणि गेले.

पोरं ओळीनं पुढं येत होती, मान खाली घालत होती, मी कुंकू लावून ओवाळत होते. पाचवा की सहावा जयसिंग आला. त्या सुपारीनंतर आम्ही एकमेकांसमोर पहिल्यांदाच उभे होतो. इतक्या महिन्यांत मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. तो माफी मागेल तर काय म्हणायचं, चूक झाली म्हणाला तर काय म्हणायचं, अजून विचार कर म्हणाला तर काय म्हणायचं. शेवटच्यासाठी मात्र माझ्याजवळ धड उत्तर नव्हतं, हे ताट हातात धरल्यावर मला कळलं.

त्यानं मान वाकवली. मी कुंकू लावलं. हलगीच्या आवाजात तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "शेवटचा गोल बघितलास काय?"

"कुठला गोल?" मी म्हटलं.

सुपारी मी ताटातून उचलली त्या दिवशी त्याचा चेहरा पडला नव्हता, तो त्या वेळी पडला. मी त्याला ओवाळलं आणि पुढच्या पोराला कुंकू लावलं.